विकीची हळद आणि मंगळावरची घरं

६ एप्रिल

मंगळवाला गेम मी पुन्हा हरले! वसाहतीतली हवा संपली आणि माणसं पटापट मेली. पण गेम प्रामाणिक आहे, हे मान्य. कुठलंही घर पडायच्या आधी पिवळं होतं, मग लाल. नदीकाठच्या गेमात तसं नाही. त्यात इंजिनिअर गल्लोगल्ली फिरतो आणि ज्या गल्लीत त्याची फेरी चुकली, तिथलं घर धाडकन खाली. रंग नाही, सूचना नाही.

देवेश, माझा चुलतभाऊ, दुबईला जाताना त्याचा जुना पीसी आणि सीडींचा डबा मला देऊन गेला. त्यातलेच हे गेम. नव्यांपेक्षा माझं यांच्यातच मन लागतं. सध्या माझं मत — मंगळवाला एक नंबर. माणसाला आधी कळायला हवं.

८ एप्रिल

बेटवाला लावला. यात घरं पडतच नाहीत. माणसं लाकडं वाहतात, मेंढ्या पाळतात, गोड आहे सगळं. पण दोन घरांमध्ये एक चौकोन मोकळा सोडावाच लागतो. मला भयंकर राग येतो. जागा फुकट!

शेवटी मी आबांचीच मुलगी. आबा आणि भिवाकाका, दोघे सख्खे भाऊ. वाटणी झाल्यावर इथे मानपाड्याच्या शेतावर दोघांनी एकेक बिल्डिंग चढवली, ती अशी चिकटून की मध्ये बोट जाणार नाही. फट ठेवायची तर कोणी? जो ठेवेल त्याची जागा गेली! म्हणून दोघांनीही ठेवली नाही.

दुपारी खेळताना भिंतीत कट् असा आवाज आला. हेडफोन काढला. गेमचा नव्हता.

९ एप्रिल

पुन्हा. कट्.

११ एप्रिल

कॉट सरकवली. मागे भेग आहे, वरपासून खालपर्यंत. वर जाते तशी रुंद होत जाते.

आबांना दाखवली. "पिलास्टर हाय तो. उन्हानं फुटतंय." झालं, विषय संपला.

वीस तारखेला विकीची, माझ्या धाकट्या भावाची हळद. आमच्याच गच्चीवर. आमच्यात लग्न एक वेळ साधं चालेल, हळद नाही. अख्खं गाव वर असणार, डीजे लागणार, आणि सगळे एका ठेक्यावर एकदम उड्या मारणार. मी घाबरले आहे. इथे तरी सरळ लिहिते — मी फार घाबरले आहे.

१३ एप्रिल

नदीकाठचा लावला आणि बंद केला. रस्त्यावरून चाललेल्या त्या एवढ्याशा इंजिनिअरकडे बघवेना. आमच्या गल्लीत बिल्डिंग बांधल्यापासून एकही आलेला नाही.

संचिताला फोन केला. शाळेतली मैत्रीण, ठाण्याला असते, बिल्डिंगा तपासणं हेच तिचं काम. "एकोणीसला येते गं, आधी नाही जमणार. तोवर गच्चीवर गर्दी नको."

१५ एप्रिल

महाभारत झालं घरात. मी म्हटलं, हळद आपल्या गच्चीवर असेल तर मी करवली म्हणून उभी राहणार नाही. आई रडली. विकी म्हणाला, "ताई, गेम खेळून येडी झालीयेस तू!" मी हटले नाही. शेवटी आबा वैतागून म्हणाले, "बरं बाय. भिवाच्या गच्चीवर करू. मोठी पन हाय."

जिंकले!

१७ एप्रिल

पलीकडे काकांच्या गच्चीवर मांडव चढला. किती दिवसांनी दुपारची गाढ झोपले. उठून मंगळवाला लावला. वसाहत टिकली!

१९ एप्रिल

संचिता आली. हातोडीने एकेक खांब ठोकून ऐकला, ओळंबा सोडून बघितला. मग म्हणाली, "तुमची ठीक आहे गं. भेग वरवरची आहे." मला हसूच फुटलं. एवढं रामायण केलं मी!

मग ती सहज बाजूला, काकांच्या तळमजल्यावरच्या दुकानात गेली. परत येऊन म्हणाली, "ती बिल्डिंग तुमच्यावर टेकलीय. म्हणून आवाज तुमच्याकडे येतो. दुकानातला खांब आतून गेलाय. आजच खाली करायला हवी. आणि वर उद्या नाच?"

उद्याची हळद त्या गच्चीवर मी नेली. मी!

धावत जाऊन सांगितलं. आबा पाहुण्यांसमोर हसले. "काल आपली परनार व्हती, आज भिवाची. तुज्या गेमान उद्या कोनाची?" सगळेच हसले. काका हसले नाहीत, ते चिडले. "तुला आमची गच्ची बगवत नाय, बोल ना तसं!" संचितालाही कोणी बोलू देईना. ऑफिसातून कागद करून ती उद्या फायर ब्रिगेडला घेऊन येते म्हणाली. पण ते येईपर्यंत डीजे लागला तर? आईसुद्धा उद्या वरच असणार.

२० एप्रिल, टिटवाळा

भावनाच्या, म्हणजे होणाऱ्या वहिनीच्या घरी बसून कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहितेय. हळद लागलेल्या नवरदेवाला उंबरठ्याबाहेर सोडत नाहीत. मी सोडवला. डीजेवाला वायरी जोडत होता तेव्हा विकीच्या कानात म्हटलं, भावनाला चक्कर आलीय, चल. पिवळाधमक तसाच स्कूटरवर बसला. इथे भावनाला धडधाकट बघितल्यापासून माझ्याशी बोलत नाही. समोर कोपऱ्यात बसलाय.

आबांचा फोन आला. "नवरदेव पलवलास! अख्खा गाव रस्त्यावर तुमाला शोदतंय!"

"आबा, वर कोण आहे?"

"वर कोन ऱ्हाईल! भिवाचं भारेकरू पन तमाशा बगाया खाली उतरलंन. आनि तुजी ती मैतरीन बंबवाल्यांना घेऊन आयली, कोनाला परत वर जाऊन देत नाय!"

म्हटलं, आबा, घाला शिव्या. हव्या तेवढ्या घाला.