माझ्या दहा चित्रपटांचे शेवट

कारंजा (घाडगे)
दि. ४ जानेवारी १९९८

ती. श्रीधरमामांच्या सेवेशी,
प्रफुलचा शि. सा. न. वि. वि.

यादी पाठवायला चार दिवस उशीर झाला, त्याबद्दल माझ्या वतीने मंडळाची माफी मागावी. कच्च्या वहीत ती तीनदा लिहिली आणि पक्क्या कागदावर दोनदा. पहिल्या पक्क्या प्रतीत चौथ्या नंबरापाशी शाईचा ठिपका पडला. मला वाटले, मंडळातले कोणी त्याचा अर्थ काढतील की मुलाला इथे शंका आली असावी. शंका होतीच, पण ती दिसू नये.

तानबाकाकांनी मला त्यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात लिहिताना पकडले. म्हणाले, काऊन गा, लग्नाचे पाहुणे मोजून राह्यला का? मी सांगितले की आयुष्यातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांची यादी आहे, वर्ध्याला मामांच्या रविवारच्या मंडळात दरवर्षी वाचतात. ते म्हणाले, बिजागऱ्यांची यादी परवापासून मागून राह्यलो, ते काही तुह्याच्यानं होत नाई. दहावी गणितात दोनदा नापास झालेल्या माणसाला यावर बोलता येत नाही. मी बिजागऱ्या मोजल्या. दोन कमी भरल्या.

असो. पहिल्या नंबरावर सहाव्या वर्षीही स्टेशनमास्तरचा चित्रपट आहे. दुसरा जुळ्या बहिणींचा. तुमचा लाडका डाकू माझ्याकडे तिसऱ्यावरून आठव्यावर घसरला. राग मानू नये, पण तो घोड्यावर बसला की घोडाच जास्त चांगले काम करतो. चित्रपटांची नावे घ्यायची नाहीत, कारण नाव आले की हिरो येतो आणि हिरो आला की भांडण येते, हा तुमचा नियम मी पाळला आहे. दुसऱ्या नियमाप्रमाणे खाली सहीसुद्धा केली आहे की दहाही चित्रपट नावे पडल्यापासून 'समाप्त'पर्यंत टॉकीजमध्ये बसून पाहिले.

स्टेशनमास्तरच्या शेवटाबद्दल नेहमीप्रमाणे काही लिहवत नाही. हात थांबतो.

सुमतीमामींना नमस्कार. डाकूमुळे लोभ कमी करू नये.
तुमचा
प्रफुल


वर्धा
दि. १५ जानेवारी १९९८

चि. प्रफुल यास,
श्रीधरमामाचे अ. उ. आ.

तुझी यादी रविवारी मंडळात वाचली. अक्षर पाहूनच गुरुजींनी चष्मा लावला. एक काना-मात्रा चुकलेली नाही आणि हा पोरगा दहावी नापास, यावर पोस्टमनसाहेबांचा अजून विश्वास बसत नाही. डाकूचे मी मनावर घेतले आहे, ते तुझ्या लग्नात काढीन.

'हात थांबतो' हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवले. गुरुजी म्हणाले की चित्रपट पाहणारे पुष्कळ, पण शेवट असा मनात जपून ठेवणारा विरळा. मी मान ताठ करून बसलो होतो. भाचा कोणाचा आहे!

आता कामाचे. आर्वीचे टॉकीजवाले महादेवराव तुला माहीत आहेतच. मी आर्वीच्या कचेरीत होतो तेव्हापासूनची आमची ओळख. घरोघरी केबल आल्यापासून त्यांचा संध्याकाळचा खेळ अर्धा रिकामा जातो. ते शनिवार-रविवारी जुने, कसाचे चित्रपट लावणार आहेत. अमरावतीच्या वितरकांकडे जाऊन चित्रपटांच्या पेट्या निवडून आणणारा, पोस्टरवर शुद्ध लिहिणारा माणूस त्यांना हवा आहे. मी तुझ्या सहाही वर्षांच्या याद्या त्यांना पाठवल्या. त्यांनी उलट टपाली कळवले की पोराला ८ फेब्रुवारीला पाठवा, त्याच्या पहिल्या नंबराबद्दल त्याच्या तोंडून ऐकायचे आहे, विशेषतः शेवट. स्टेशनमास्तर त्यांनीही फार मानलेला आहे.

तानबाकाकांच्या खिळ्यांतून सुटायची ही वेळ आहे, बाबू. इस्त्रीचा शर्ट घालजो.

आहे तशीच माया ठेवून आहे, हे सांगायला नको.
तुझा
श्रीधरमामा


कारंजा (घाडगे)
दि. २० जानेवारी १९९८

ती. श्रीधरमामांच्या सेवेशी,
प्रफुलचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मंडळात वाचू नये. मामींसमोरही वाचू नये. वाचून झाल्यावर काय करावे हे मी सांगणारा कोण, पण चूल जवळ असेल तर बरे.

मामा, मी स्टेशनमास्तरचा शेवट पाहिलेला नाही. जुळ्या बहिणींचाही नाही. दहांपैकी एकाचाही नाही.

रविवारी आमचे दुकान तीनला बंद होते. आर्वीला पोचायला साडेचार होतात, म्हणून मला सहाचाच खेळ सापडतो. तो नऊला सुटतो आणि कारंजाची शेवटची एस.टी.ही नऊलाच निघते. ती चुकली तर स्टँडवरच्या बाकावर झोपायचे, आणि मी डासांना, कुत्र्यांना आणि तानबाकाकांना भितो. म्हणून पावणेनऊला अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत मी निघतो. स्टेशनमास्तर मी तीनदा पाहिला. थोरला मुलगा म्हणजे तो स्टेशनमास्तर. म्हातारी आई फलाटावरच्या बाकावर बसली आहे, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा आज येणार म्हणून. लांबून शिट्टी ऐकू येते. तिन्ही वेळा त्याच शिट्टीला मी उठलो. रेल्वे तिची, धावलो मी.

नंतरचा शेवट मी एस.टी.त मनाने करतो. खिडकीजवळ जागा मिळाली तर धाकटा येतो. उभ्याने जावे लागले तर आई मरते. पहिल्या वर्षी खोटी सही इतकी वाकडी आली की तुम्हीच विचारले होते, ताप आला होता का. 'हात थांबतो' हे खरे आहे, मामा. पुढचे माहीत नसले की थांबतोच.

महादेवरावांना कळवावे की मी आजारी आहे. पण मला ती नोकरी फार हवी आहे. दिवसभर खिळे तोलताना मी हाच विचार करतो की एक माणूस असा असतो, जो पेटी उघडून ठरवतो की आज आर्वीने काय पाहायचे. आता माझे काय करावे ते तुम्हीच सांगा.

लोभ उरला असेल तर त्यातला थोडा माझ्या नावे ठेवावा.
अपराधी
प्रफुल


वर्धा
दि. २६ जानेवारी १९९८

चि. प्रफुल यास,
श्रीधरमामाचे आशीर्वाद. (उत्तम की कसे, ते मागाहून ठरवू.)

पत्र वाचले आणि चहा थंड झाला. नियम मी केला आणि मोडला माझ्याच भाच्याने! मले तोंड दाखवायला जागा ठेवली नाई तू. सहा वर्षे मी ताठ मानेने बसलो ते कोणाच्या जोरावर, तर नऊच्या एस.टी.च्या.

पण आजारी-बिजारी काही कळवायचे नाही. शब्द मी दिला आहे. सोबत वेगळ्या कागदावर दहाही शेवट लिहिले आहेत, ते पाठ कर. स्टेशनमास्तरचा इथेच सांगतो. गाडी थांबते. धाकटा भाऊ पोलीस इन्स्पेक्टर होऊन उतरतो. आधी मोठ्या भावाला सलाम ठोकतो, मग टोपी काढून आईच्या पायांवर ठेवतो. आई दोघांना पोटाशी धरते, मागे बँड वाजतो. सांगताना टोपीपाशी जरा थांबजो. तिथे रडू येते.

पाठांतरात तू पक्का आहेस. गणित विचारणार नाहीत.

रागातही तुझाच,
श्रीधरमामा


कारंजा (घाडगे)
दि. ९ फेब्रुवारी १९९८

ती. श्रीधरमामांच्या सेवेशी,
प्रफुलचा शि. सा. न. वि. वि.

काल आर्वीला जाऊन आलो. काय झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे मला धीर येईल.

महादेवराव ऑफिसात शेंगदाणे खात होते. मलाही मूठभर दिले. हातात शेंगदाणे घेऊन नोकरी कशी मागावी ते मला कळेना, म्हणून मुठीतच धरले. त्यांनी विचारले, तर मग बाबू, शेवट सांग. मी सांगू लागलो. गाडी थांबली, इन्स्पेक्टर उतरला, सलाम झाला. टोपीपाशी तुम्ही सांगितल्याप्रमाणे थांबलो. त्यांनीही चावायचे थांबवले. मग म्हणाले, इन्स्पेक्टर कोण गा? त्या पिच्चरमध्ये पोलीस नाईच.

मामा, मी मुठीतल्या शेंगदाण्यांकडे पाहिले. त्यांनी विचारले, हे कोणं सांगितलं तुले? तुमचे नाव घ्यायचे नाही असे मी ठरवले होते. ते ठरवणे एक मिनिटभर टिकले. त्यावर ते इतके हसले की दरवान आत पाहून गेला. म्हणाले, श्रीधरनं? अरे, तो आर्वीत होता तवा गर्दीच्या आधी टॉकीजच्या स्टँडवरून पहिली सायकल त्याचीच निघे. पावणेनऊच्या पुढे त्यानं माह्या टॉकीजमध्ये काही पाह्यलं असंन तर मिशी उतरवतो.

मग लपवण्यासारखे काही उरले नाही. नऊची एस.टी., खोट्या सह्या, सगळे सांगितले. वाटले, आता उठवतील. पण त्यांचे हसू गेले. त्यांनी विचारले की अशी आणखी किती माणसे उठतात. मी म्हटले, कारंजाच्या गाडीत रविवारी आम्ही दहा-बाराजण टॉकीजचेच असतो, आणि तळेगावकडची गाडी आमच्याही आधी सुटते. शेंगदाणे बाजूला सारून त्यांनी मनातले सांगितले. अठरा वर्षे त्यांना वाटत होते की इकडच्या लोकांना शेवट आवडत नाहीत. कित्येक चांगले चित्रपट त्यांनी दोन दिवसांत उतरवले, कारण शेवटी खुर्च्या रिकाम्या दिसत.

मी म्हटले, खेळ सव्वापाचला सुरू केला तर सव्वाआठला सुटेल. सांगून झाल्यावर लगेच माफी मागितली. ते म्हणाले, कळवतो. खरा शेवट मी विचारला, तो त्यांनी सांगितला नाही.

नोकरी गेली असे समजतो. तुमच्यावर रागावलो नाही. फक्त एवढेच वाटले की पाठ करायला दहा दिवस लागले.

घरात सर्वांनी लोभ राखावा, विशेषतः ज्यांना सत्य माहीत आहे त्यांनी.
तुमचा
प्रफुल

ता. क. शेंगदाणे घरी आल्यावर खाल्ले.


वर्धा
दि. १६ फेब्रुवारी १९९८

चि. प्रफुल यास,
श्रीधरमामाचे अ. उ. आ.

खरे आहे. शेवटी गर्दीत सायकल अडकते, स्टँडवाला पोरगा चेन ओढून काढतो, एकदा माझे मडगार्ड वाकवले होते. तेव्हापासून मी आधीच उठतो. इन्स्पेक्टर मीच घातला. इतकी वर्षे सांगून सांगून मला तो दिसायलासुद्धा लागला होता. तू निदान कबूल केलेस, मी तुलाही फसवले. वयाने मोठा असून हे पत्र लिहिताना मला तुझ्यापेक्षा जास्त वेळा खोडावे लागले.

मंडळाला रविवारी सगळे सांगितले, घरी त्याच्याही आधी. गुरुजींनी दोघांनाही एका वर्षासाठी काढले आहे. चहाला येऊ दिले, बोलू दिले नाही.

महादेवरावांचे कार्ड आले आहे. म्हणतात, खोटं बोलायचं पोराले जमत नाई, आणि मले रिकाम्या खुर्च्यांचं कारण आजवर कोणं सांगितलं नाई. १ मार्चपासून ये. खेळाची वेळ बदलणार आहेत.

खाली तुझ्या मामीला चार ओळी लिहायच्या आहेत.
श्रीधरमामा

चि. प्रफुल, अनेक आशीर्वाद. मी यांच्याशी तीन दिवस बोलले नाही. लग्नाला एकवीस वर्षे झाली, आणि माझे सगळे चित्रपट यांच्या सायकलीच्या कॅरियरवर संपले. मला सांगायचे, पुढे काही नाही, नुसती गाणी आहेत. तू शेवट पाहिलास की मला सविस्तर लिही. वेगळ्या पाकिटात लिही.
सुमतीमामी


आर्वी
दि. २० एप्रिल १९९८

ती. श्रीधरमामा व ती. सौ. सुमतीमामी यांच्या सेवेशी,
प्रफुलचा शि. सा. न. वि. वि.

वेगळे पाकीट करत नाही. दोघांनी मिळून वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

इथे बरे चालले आहे. अमरावतीहून तीन वेळा पेट्या आणल्या. पेटी मांडीवर घेऊन बसतो, म्हणून कंडक्टर मला नवरदेव म्हणतो. तानबाकाका येऊन पोस्टर वाचून गेले आणि म्हणाले, अक्षर बरं हाये, पण बिजागऱ्या अजून दोन कमीच भरून राह्यल्या.

काल रविवारी स्टेशनमास्तर लावला, सव्वापाचला. कारंजाचे अकराजण होते. शेवटी हॉलचे दिवे लावायचे काम आता माझ्याकडे आहे, म्हणून दाराशी बटणाजवळ उभा होतो. शिट्टी झाली आणि सवयीने माझा एक पाय बाहेर पडला. तो आत घेतला.

मामी, गाडी थांबतच नाही. ती निघून जाते. फलाटावर कोणी उतरत नाही. स्टेशनमास्तर थोडा वेळ झेंडी धरून उभा राहतो. मग अंगातला कोट काढून ठेवतो, फलाटाला वळसा घालतो, आणि पलीकडून धाकटाच आल्यासारखा अनवाणी आईजवळ येतो. तिला दिसत कमी असते. तो काही न बोलता तिच्या पायाशी बसतो. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवते आणि म्हणते की आलास, चांगले झाले, आता जेवायला मोठ्यालाही हाक मार, तो माझ्यासाठी दिवसभर उपाशी आहे. तिला कळलेले असते की नाही, ते चित्रपट सांगत नाही. मला वाटते, कळलेले असते. मामांना काय वाटते ते विचारून कळवावे.

पडदा पांढरा झाला. मला बटण दाबायचे होते. पण शेवट झाल्यावर माणसे काय करतात हे मी कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे दिवा नेमका केव्हा लावायचा ते मला कळेना. कोणी उठत नव्हते. नाक ओढल्याचे आवाज येत होते. महादेवराव मागून हळूच म्हणाले, लाव ना गा, गाडी आहे लोकाईची. मी हात वर नेला, तर दारालगतच्या खुर्चीतून कारंजाच्या शकुंतलाबाई म्हणाल्या, राहू दे रे बाप्पा घडीभर, तोंड पुसू दे.

मी हात खाली घेतला. त्यांचे झाले का, ते विचारून मग दिवा लावला.

दोघांचा जीव माझ्यावर असाच असू द्यावा.
तुमचा
प्रफुल