घोट्याला करंट

३ मार्च, सोमवार
डॉक्टरांकडे जाऊन आलो. अकरा वर्षांचं बद्धकोष्ठ. चूर्णं झाली, एरंडेल झालं, गोळ्या झाल्या. आता म्हणे पायाच्या घोट्याजवळ एक नस असते, तिला रोज अर्धा तास हलका करंट द्यायचा, म्हणजे आतडं जागं होतं. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला. मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण सहा आठवडे करून बघू. रोज एक तक्ता भरायचा. तक्ता त्यांच्यासाठी. ही वही माझ्यासाठी. खरं काय ते इथे.

४ मार्च
फिजिओथेरपिस्ट बाईकडून यंत्र आणलं. बाईचं वय फार तर सव्वीस. करंट म्हणजे काय ते मला समजावत होती. मला. एकतीस वर्षं सबस्टेशनवर आहे, सीनियर ऑपरेटर. तेहेतीस हजार व्होल्टची लाइन माझ्या सहीशिवाय बंद होत नाही. यंत्र साबणाच्या वडीएवढं, आत दोन पेन्सिल सेल.
बाई म्हणाली, मुंग्या आल्यासारखं वाटेल इतपतच ठेवा. पाणी प्या, भाज्या खा. नाश्त्यानंतर दहा मिनिटं बसा, पेपर न घेता. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.
बायको सोबत होती. तिने सगळं लिहून घेतलं. काही कारण नसताना.

५ मार्च, सकाळी ६.३०
निश्चय: बेचाळीस दिवस, एकही खाडा नाही. शिस्त माझ्या रक्तात आहे.

सकाळी ७.४५
संडासात सव्वा तास. पेपर अग्रलेखासकट संपला. निकाल शून्य. बायको बाहेरून म्हणाली, आठला दातांच्या दवाखान्याचं काउंटर उघडायचंय, जरा लवकर आटपा. लोकांच्या दाढा हिला दिसतात, नवऱ्याचं पोट दिसत नाही.

६ मार्च
घोट्याला यंत्राच्या चिकट पट्ट्या लावल्या. मुंग्या. मुंग्यांनी काय होणार? करंटचा आकडा तीनवरून थेट नऊवर नेला. पायाची बोटं हातपंख्यासारखी पसरली आणि आपल्या आपण नाचायला लागली. लाथ टेबलाला बसली, चहा तक्त्यावर. यंत्र भिकार आहे. तक्त्यात 'प्रतिसाद उत्तम' लिहिलं.

९ मार्च
घोट्याला विश्रांती, तिसरा दिवस. तक्ता भरला.

१४ मार्च
ड्यूटीवर जोडीदाराला सगळं सविस्तर सांगितलं. तो जेवत होता. डबा उचलून पॅनेल रूममध्ये गेला. लोकांना शास्त्राची आवड म्हणून राहिली नाही.

२० मार्च
दिवसाला आठ ग्लास पाणी म्हणे. मी माणूस आहे, कूलिंग टॉवर नाही.
यंत्र टेबलावर नव्हतं. कपाटात सापडलं, पट्ट्या प्लास्टिकवर नीट चिकटवलेल्या. बायकोला आवराआवरीची भारी हौस.

२ एप्रिल
आतापर्यंत यंत्र चार वेळा लावलं. तक्त्यात एकोणतीस. गुण शून्य. बाईचं पितळ उघडं पडायला आता तेरा दिवस.
बायको हल्ली साडेपाचला उठते. संडासात जाते, सात मिनिटांत बाहेर येते. वर गुणगुणते. माझं दार वाजवत नाही. उशिरा का होईना, आजारी माणसाची कदर आली.

१५ एप्रिल, सकाळी ९
सहा आठवडे पूर्ण. आज बाईला चार शब्द सुनावणार. मुद्दे तीन. आरशासमोर दोनदा म्हणून झाले.

दुपारी ४
मुद्दे राहिले.
बाईने तक्ता बघितला. मग यंत्राचं एक बटण दाबून धरलं. यंत्र किती वेळा वापरलं याची नोंद यंत्रच ठेवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाली, चव्वेचाळीस वेळा. इतका नियमित पेशंट तिने पाहिला नाही. मी म्हणालो, शिस्त.
चव्वेचाळीस कुठून आले ते मला कळेना. पण कौतुकाला कशाला अडवा.
मग ती म्हणाली, इतकं करूनही गुण नाही, म्हणजे हा उपचार तुम्हाला लागू पडत नाही. डॉक्टर आणखी तपासण्या करतील, कदाचित कमरेत बारीक तार बसवायचा विचार करतील. कमरेत तार ऐकल्यावर मी दोन्ही हातांनी कंबर धरली. तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, त्यातले चाळीस माझे.
बाईने खुर्ची तिच्याकडे फिरवली. ती माझ्याकडे पुन्हा फिरली नाही. आधी ती बायकोला रागावली: न विचारता दुसऱ्याचं यंत्र लावायचं नसतं, हृदयाचा वगैरे त्रास असता तर? मग एकेक विचारत गेली. बायकोने पर्समधून स्वतःचा तक्ता काढला. रोज अर्धा तास, आकडा तीन. पाणी आठ ग्लास. पूर्वी आठवड्यातून एकदा, आता दिवसाआड. बाई म्हणाली, यंत्राचं श्रेय किती आणि पाण्याचं किती, ते सांगता येणार नाही, पण चालू ठेवा. यंत्र तिच्या नावावर करून दिलं.
त्रास किती वर्षांचा, असं बाईने विचारलं. बायको म्हणाली, चौदा.
मला अकरा. म्हणजे ती माझ्याहून तीन वर्षांनी सीनियर.

१६ एप्रिल, सकाळी ७.५०
बायकोला विचारलं, चौदा वर्षं बोलली का नाहीस? ती चप्पल घालत होती. म्हणाली, दोन-तीनदा सांगायला आले होते. पण या घरात पेशंटची जागा भरलेली होती. आणि कामावर गेली.
ती सांगायला कधी आली होती, ते आठवत बसलो. अजून आठवलेलं नाही.