निळ्या टँकरचा भाव

प्रिय कंडक्टर,

पाकीट बघून चक्रावला असशील. आपली सगळी ओळख हेडफोनमधली, आणि हे आलंय चक्क पोस्टाने, तिकीट लावून. तुझा पत्ता मला कुठे मिळाला ते शेवटी सांगते. आपल्या ट्रकच्या गेममध्ये लिहिलं असतं तर आमच्या ऑफिसात कोणीही वाचलं असतं. फोन केला असता तर मी मध्येच चिडले असते आणि मुद्दा राहून गेला असता, माझं तुला माहीतच आहे. म्हणून कागद. आई खाली बाकावर मैत्रिणींशी गप्पा मारत बसली आहे, अंधार पडायच्या आत वर येईल, तोवर संपवायचं आहे. तर पहिलं हे ऐक की मला ही नोकरी सोडायची आहे आणि सोडता येत नाही. तुम्हा सगळ्यांना वाटतं मी मजेत आहे. तसं वाटावं याचाच मला पगार मिळतो म्हण ना.

मावशी हे नाव तूच पाडलंस, विसरू नकोस. मी तेव्हा जेमतेम पस्तिशीची. आपल्या खेळाडूंच्या ताफ्यातल्या कोणीतरी घाटात ट्रक आडवा घातला आणि मी त्याला असा झाडला की तू म्हणालास, ही तर आपली मावशी. झालं, सगळे मावशी म्हणायला लागले, त्यात ते बँकवाले काका, जे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. तू स्वतः गाडी घ्यायचं नावच काढायचा नाहीस. कायम माझ्या शेजारच्या सीटवर नकाशा उघडून बसलेला, पुढे पूल आहे, डावीकडे घे, डिझेल बघ. माझा तो खटारा टेम्पो, सुरुवातीला सगळ्यांना फुकट मिळतो तो, चढावर असा धापा टाकायचा की तू म्हणायचास उतरून ढकलू का. त्या टेम्पोत आपण जितके हसलो तितकी मी नंतर कुठल्याच गाडीत हसले नाही. आता माझ्या गॅरेजात कंपनीच्या कृपेने सगळ्या गाड्या उभ्या आहेत, एकूण एक, फुकट. एकही बाहेर काढावीशी वाटत नाही.

मी तेव्हा स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर होते. आमचा मालक महाचिकट माणूस, पंखासुद्धा गिऱ्हाईक आलं की लावायचा, पण त्याचा भाव एक. सकाळी सांगितला तोच संध्याकाळी, मोटारवाल्याला तोच आणि सायकलवाल्यालाही तोच. दिवसभर तिथे उभी राहून मी घरी यायचे आणि गेम उघडला की डोकं फिरायचं. गाडी घ्यायची तर आधी खऱ्या पैशांनी नाणी घ्या, नाण्यांच्या थैल्या ठरलेल्या, आणि गाडीची किंमत अशी की एक थैली पुरत नाही आणि दोन घेतल्या तर थोडी नाणी उरतात. ती उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून माणूस तिसरी घेतो. शिवाय बाजूला ते उलटं पळणारं घड्याळ, आत्ता घ्या नाहीतर गेली. लोखंड नाही, रबर नाही, टाकीत थेंबभर तेल नाही, मग हे पैसे कशाचे, असं मी गेमच्या फलकावर टाकायला तावातावाने लिहिलं होतं. तू मला थंड केलंस. म्हणालास, चित्र काढणाऱ्याची मेहनत आहे, तिचे पैसे द्यायला आपली ना नाही, फक्त सरळ मागा आणि सगळ्यांना सारखे मागा. ते वाक्य तुझं होतं, कंडक्टर. मी ते तसंच फलकावर टाकलं आणि लोकांनी माझं म्हणून डोक्यावर घेतलं. हजारोंनी खाली सह्या केल्या आणि गेमच्या कंपनीने मला नोकरीवर बोलावून घेतलं. ताफ्यात त्या दिवशी कोणी गाडीच चालवली नाही, सगळे रस्त्यात उभे राहून हॉर्न वाजवत होते. तू म्हणालास, आता आपला माणूस आत आहे.

आत आले ती अशी. ऑफिस स्वच्छ, खिडक्या मोठ्या, काचेला हात लावला की डाग पडेल म्हणून मी पहिला आठवडा हात बांधूनच बसले. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज कधी चढवत नाही, माझ्याच टेबलाशी येताना विचारतो, येऊ का. अशा माणसाशी भांडायचं कसं ते मला आजवर जमलेलं नाही. राहायला कंपनीच्या इमारतीत जागा दिली. तुला सांगितलं नव्हतं कधी, पण आधीच्या घरात आम्ही चौथ्या मजल्यावर होतो, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. ती वर्षभरात दोनदा खाली उतरायची, डॉक्टरकडे. खिडकीत बसून खालच्या लोकांच्या चपला ओळखायची. इथे लिफ्ट आहे. पहिल्या दिवशी ती नुसतीच खालीवर करत राहिली, वॉचमनला वाटलं बाई अडकल्या. आता तिला बाक आहे, मैत्रिणी आहेत, त्यांच्यातली भांडणं आहेत. मुलगी काय करते असं कोणी विचारलं तर सांगते, गाड्या विकते. एकीने शोरूम कुठे म्हणून विचारलं, तर हिने बिनदिक्कत सांगितलं की फार लांब आहे. नोकरी गेली की जागा गेली, आणि आई पुन्हा खिडकीत. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही, पण रोज लिफ्टमध्ये शिरताना मनात येतं.

आता टँकरचं ऐक. निळा टँकर, ज्याचं चित्र आलं तेव्हा तू म्हणालास की आयुष्यात एक गाडी घेईन तर ही. भाव ठरवायला मला मिळालेली ती पहिली गाडी, आणि मी हात धुऊन तिच्या मागे लागले. चित्र काढणाऱ्या मुलीशेजारी जाऊन बसले, तिला किती दिवस लागले ते विचारलं. आवाजवाल्याने खऱ्या टँकरच्या पोटाशी माईक बांधून, वळणावर पाणी हिंदकळतं तो आवाज कसा घेतला ते ऐकलं. त्यांचा पगार धरला, कंपनीचा नफा धरला, किती जण घेतील त्याचा अंदाज बांधला आणि भाव काढला, एका सिनेमाच्या तिकिटाइतका. सरळ पैशांत. नाणी नाहीत, घड्याळ नाही. खाली मी माझ्या हाताने ओळ घातली की या टँकरने तुम्ही कोणाच्या पुढे जाणार नाही, चालवायला मजा मात्र येईल, आणि हा भाव बदलणार नाही. साहेबाने ओळ वाचली, हसला, म्हणाला राहू द्या ती. त्या रात्री मला अशी झोप लागली की आईने सकाळी हलवून उठवलं.

आणि टँकर खपला नाही. महिना गेला तरी नाही. एकाने लिहिलं, एवढ्या स्वस्तात देतायत म्हणजे काहीतरी खोट असणार. दुसऱ्याने लिहिलं, भाव बदलणार नाही म्हणतात ना, मग घाई कसली, घेऊ कधीतरी. आणि तू, कंडक्टर, तू ताफ्याला सांगितलंस की थांबा, सेल लागेलच. मी ते ऑफिसात बसून वाचलं आणि डोकं धरून बसले. सरळ मागा म्हणणारा तूच ना रे. पुढे कितीतरी दिवस मी हेडफोन लावला नाही, तुम्हाला आईची तब्येत सांगितली. आईची तब्येत ठणठणीत होती, मी तुझ्यावर रुसले होते.

साहेब ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो दोन कप चहा घेऊन आला. म्हणाला, तुमचा भाव अगदी बरोबर आहे, तोच ठेवू. फक्त त्याच्या वर दुप्पट आकडा लिहून त्यावर काट मारू आणि शेजारी घड्याळ लावू. मी विचारलं, वेळ संपल्यावर काय? तर म्हणाला, मग वरचा आकडा खरा करू, म्हणजे आपण खोटं बोललो असं होणार नाही. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्याने शांतपणे विचारलं की तुमचा भाव योग्य आहे पण कोणी घेतच नाही, तर त्या मुलीने काढलेलं चित्र बघणार कोण? मी हो म्हटलं आणि भाव बदलणार नाही ही माझी ओळ काढली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर अजूनही शोधते आहे. तुला सुचलं तर कळव.

टँकर हातोहात गेले. ऑफिसात केक आणला, सुरी माझ्या हातात दिली, फोटो काढला. तू पहिल्याच दिवशी घेतलास आणि लिहिलंस, मावशीने करून दाखवलं, निम्म्या भावात मिळाला. निम्मा कसला बाबा, तोच भाव होता, महिनाभर तुझ्या डोळ्यांसमोर पडून होता. बँकवाले काका घड्याळ संपल्यावर आले, त्यांनी दुप्पट भरले आणि वर म्हणाले, चूक माझीच, वेळेत यायला हवं होतं. मी हेडफोन लावून ऐकत होते. किमतींबद्दल खेळाडूंशी अवाक्षर काढणार नाही असं मी कंपनीला लिहून दिलेलं आहे. काकांना मी फक्त टँकर शोभतो तुम्हाला, एवढं म्हटलं.

त्यानंतर सगळ्याच गाड्यांचे भाव माझ्याकडे आले आणि सगळीच घड्याळं. तू पाहतोसच, प्रत्येक किमतीखाली आता माझं चित्र असतं, हेडफोन घातलेली बाई, गाल माझ्याहून भरलेले, आणि शेजारी ओळ, मावशीने ठरवलेला भाव. ते बघून लोक पुढचं वाचतच नाहीत. तू लोकांना सांगत असतोस की मावशी आहे म्हणजे भाव योग्यच असणार, आणि मी ते वाचते. मी साहेबाकडे गेले आणि म्हटलं, मला गेमचे रस्ते आखणाऱ्यांच्यात टाका. तिथे माणसं दिवसभर पूल बांधतात, झाडं लावतात, कोणाला काही विकत नाहीत. तो लगेच हो म्हणाला. पगार तोच, राहती जागा तीच. अट एकच, लोकांचा विश्वास असलेला दुसरा माणूस तुमच्या खुर्चीत आणून बसवा. गाडीखालचा जॅक काढायचा तर आधी दुसरा लावावा लागतो, तसं. असा माणूस कुठून आणू म्हणून मी किती तरी महिने घड्याळं लावत राहिले.

आणि गेल्या आठवड्यात साहेबाने हसत हसत माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवला. वर तुझं खरं नाव होतं, मला आधी ओळखूच आलं नाही. पत्ता तिथलाच. तू कामाला होतास तो छापखाना बंद पडला हे मला अर्जातच कळलं, तू ते ताफ्यात कोणाला बोलला नाहीस, आम्हाला सांगत राहिलास की हल्ली सुट्ट्या फार मिळतात. नोकरी का हवी या रकान्यात तू लिहिलंयस की मावशीसारखं काम करायचं आहे. मी ते वाचून बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून. साहेब म्हणतो, याहून चांगला माणूस मिळणार नाही, तुम्ही फक्त हो म्हणा, पुढच्या महिन्यात तुम्ही रस्त्यांवर आणि हे इथे. मी आज नको म्हणून लिहून दिलं. माणूस बरा आहे पण हिशेबाला कच्चा, असं धडधडीत खोटं लिहिलं. लिहिताना हात थांबला, आणि खरं सांगते, तुझ्या काळजीने नाही थांबला, मला फार सुटायचं होतं. तुझ्या वतीने मी ठरवायला नको होतं, तू चिडशील, चीड. माझ्या जुन्या मालकाशी बोलले आहे, काउंटरला माणूस हवाच आहे त्याला. पगार इथल्या निम्मा, हा मात्र खरोखरचा निम्मा, दिवसभर उभं राहायचं, हात काळे होणार, पंखा गिऱ्हाईक आलं तरच. पण गिऱ्हाईकाला भाव सांगितला की विषय संपला. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, माझं नाव सांग. दोन-चार दिवसांत तुला आमच्याकडून गोड शब्दांत उत्तर येईल की सध्या जागा नाही. ते वाचून स्वतःला कमी समजू नकोस, यासाठी हे सगळं लिहिलं. जागा आहे, तिच्यावर मी बसले आहे. लिफ्ट वर येतेय, आई असेल, थांबते.

तुझीच, चित्रातली नव्हे ती,
मावशी