रिकाम्या गाडीचं सेटिंग

११ नोव्हेंबर

दीक्षाला जाऊन अकरा दिवस झाले. परवा पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. आता घरात मी आणि आई. आई दीक्षाच्या कपड्यांच्या घड्या करते, परत उलगडते. माझी एकुलती एक बहीण! शिरूरच्या लॅबमधून सुटून स्कूटीवर निमोण्याला घरी येत होती. साडेसातला ओढ्याच्या पुलावरून खाली गेली. दवाखान्यात एवढंच बोलली — दादा, समोरून नुसतं पांढरं आलं, रस्ताच दिसंना.

कुणाची गाडी, कळलं नाही. थांबलीच नाही म्हणे.

१३ नोव्हेंबर

गाड्यांच्या लाईटचं दुकान उघडलं. उघडायला नको होतं. पहिलंच गिऱ्हाईक — "पांढरे एलईडी टाक, पिवळ्यात काय दिसत न्हाई." चार वर्षं शिरूरात हेच काम करतोय. कंपनीनं दिलेली लाईट बदलायची नाही, हा नियम मला पाठ आहे. लाईटच्या आतली चकचकीत वाटी साध्या बल्बसाठी केलेली असते, त्यात एलईडी घातला की उजेड चहूकडे उधळतो. कुणी विचारलंच तर सांगायचो, दंड आहे, पण धरतंय कोण. वर ऐट काय — बाकीचे नुसते बल्ब कोंबतात, मी सेटिंग करून देतो! समोरच्या भिंतीवर खडूची रेघ मारलीये, उजेड तिच्या वर जाऊ देत नाही. मी बसवलेल्या लाईटचा समोरच्याला त्रास नाही, असं छातीठोक सांगायचो.

गिऱ्हाईकाला म्हटलं, बल्ब संपलेत. खरं सांगायला तोंड नव्हतं.

१४ नोव्हेंबर

माझा डबा दीक्षाच भरायची. आज उपाशीच राहिलो.

१६ नोव्हेंबर

संध्याकाळी रोहिदास आण्णा भेटायला आले. आमच्याच गावचे. रोज दिवेलागणीला पिकअपमधून टोमॅटो पुण्याच्या मार्केटला नेतात. वडील गेल्यापासून आमचं अडलंनडलं तेच बघतात. गाडी अंगणात वळली आणि उजेड खिडकीतून थेट आईच्या तोंडावर आला. तिनं डोळ्यांवर पदर घेतला.

मी बाहेर पळालो. त्या लाईट मीच बसवल्यात, दिवाळीच्या आधी. रेघेवर नीट लावून दिल्यात. मग उजेड एवढा वर कसा?

मागे जाऊन बघितलं. हौद्यात वरपर्यंत क्रेट. वजनानं मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेले आणि गाडीचं तोंड वर उचललेलं.

रिकाम्या गाडीचं सेटिंग केलं होतं मी. चार वर्षं सगळ्यांचं तसंच केलं. दुकानात माल भरून येतं कोण!

आण्णा आईपुढे पाच मिनिटं बसले आणि उठून गेले.

१७ नोव्हेंबर

आण्णांना मळ्यात गाठलं. विचारलं, एकतीस तारखेला तुम्ही पुलावर किती वाजता होता? त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "साडेसातला. समोरून एक स्कूटी आली, डुलली, मग दिसली न्हाई. मला वाटलं वस्तीकडं वळली. दुसऱ्या दिशी कळलं, तवापास्नं घास गिळत न्हाई. काल सांगायलाच आलो व्हतो. तुझ्या आईचं त्वांड बघितलं आन् जीभच उचलंना."

मी त्यांना सेटिंगचं सांगितलं. रिकाम्या गाडीचं. त्यांनी माझा खांदा धरला.

"कुणाला बोलू नगंस. आईला तू एकच राह्यलास. मी बघतो काय ते."

मी गप्प बसलो. मला बरं वाटलं, हेही इथं लिहून ठेवतो. लाज वाटते.

२० नोव्हेंबर

आई म्हणते, "ज्यानं लाईट मारली, त्याला एकदा बघू दे मला." तिला पाणी दिलं. मोरीत जाऊन रडलो.

२२ नोव्हेंबर

ठाण्यातून फोन — स्कूटी घेऊन जा. आई हट्टानं बरोबर आली. हवालदार म्हणाले, गाडीवाला सापडला, काल स्वतःच हजर झाला. बल्ब ऑनलाइन मागवून आपणच बसवले, असं लिहून दिलंय. त्यांनी नाव वाचून दाखवलं — आण्णांचं. आईनं माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, साहेब, ते खोटं हाय. बल्ब मी बसवले.

आईनं हात सोडला.