साखळी नव्हतीच म्हणे

३ मार्च, रविवार

साखळी नव्हतीच म्हणे! तुरुंग अधीक्षक माझ्या तोंडावर म्हणाले. खुर्चीतून न हलता. "पाळकबाई, तुम्ही प्रार्थना घ्या. दवाखान्यातलं दवाखाना बघेल."

मग शिवणवालीच्या घोट्यावरचा वळ कसला? पैंजणाचा?

शिवणवाली – तुरुंगातल्या शिवणखोलीत काम करते म्हणून सगळ्या तिला तसंच म्हणतात. आठ महिने खटला न चालताच आत आहे. आली तेव्हा दुसरा महिना होता. बारा दिवसांपूर्वी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात नेली. पाय खाटेला साखळीने बांधलेला. बाळ आडवं आलं. तिला उचलून ऑपरेशनच्या खोलीत न्यायचं, तर कुलपाची चावीच सापडेना. चाळीस मिनिटं! मुलगा गेला. ती परत आली आणि मशीनवर बसली. आज तिने पायमोजा खाली केला आणि मला घोटा दाखवला. बाकीचं मला बरॅकीतल्या बायकांनी सांगितलं.

रविवारी मी चर्चची पाळक म्हणून तिथल्या बायकांची उपासना घेते. आठवडाभर वकिलाचा काळा कोट घालते. बावीस वर्षं दोन्ही चाललंय. लोक म्हणतात दोन दगडांवर पाय. असू दे. पाय माझे आहेत.

४ मार्च

दिवसभर याचिका लिहिली. मागणी एकच – बाळंतिणीला साखळी नाही. कुठल्याही तुरुंगात, कुठल्याही दवाखान्यात. आणि या एका मुलाचा जाब.

आई चष्मा पुसत म्हणाली, "तुझा बाप म्हणायचा, ही पोरगी भिंतीशीसुद्धा भांडेल." मी म्हटलं, भिंतीशीच भांडतेय.

६ मार्च

याचिका दाखल. शिवणवालीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. अंगठा नाही – सही. टाके घालावेत तशी सावकाश केली.

१० मार्च, रविवार

उपासना संपली. बायका बरॅकीत गेल्या. मी पुस्तकं गोळा करत होते. तुरुंगातलंच एक माणूस माझ्यापाशी आलं. "वकील म्हणून नाही सांगत," म्हणालं, "पाळक म्हणून ऐका."

ऐकलं.

कोण ते इथेही लिहिणार नाही. वही माझी असली तरी! एवढंच की साखळी होती. चावी होती. ती कुणाबरोबर चुकून घरी गेली. चाव्यांच्या नोंदवहीत ते लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते पान वरच्या हुकमाने फाडलं गेलं. मी त्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली. मनात मात्र राग होता. देवाला कळलंच असेल.

११ मार्च

आता मला सगळं माहीत आहे आणि त्यातलं काहीही वापरता येत नाही.

१४ मार्च

माती खाल्ली. माती!

सरकारी वकील तासभर बोलले. साखळी नव्हती, वळ सुजेचा आहे, कैदी खोटं बोलतात, त्यांचा तो स्वभावच. मागच्या बाकावर अधीक्षक. ओठांत हसू. माझं डोकं सणकलं. उठले आणि म्हणाले, "मग चाव्यांची नोंदवही कोर्टात आणा. त्यातलं एक पान कुठे गेलं तेही सांगा."

अधीक्षकांचं हसू गेलं.

सरकारी वकिलांनी हळूच विचारलं, "पान गेलंय हे बाईंना कुणी सांगितलं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याने विश्वासाने कानात सांगितलं, त्याच्या दाराकडे मीच बोट दाखवलं. नाव घेतलं नाही, पण तुरुंगात त्या वहीपाशी जाणारी माणसं किती? हाताच्या बोटांवर मोजावी इतकी.

गुडघे टेकून बसले. क्षमा मागायला शब्द सापडले नाहीत. शिव्या तेवढ्या आठवत होत्या.

१५ मार्च

अधीक्षकांचं पत्र – पाळक म्हणून यायचं की वकील म्हणून, एक ठरवा. तोवर प्रवेश बंद.

ठरवलेलंच आहे. दोन्ही!

१७ मार्च, रविवार

बावीस वर्षांत पहिल्यांदा रविवारी तुरुंगात गेले नाही. चर्चमध्ये मात्र व्यासपीठ माझंच होतं. उपदेशात साखळीचं सांगितलं. नावं नाहीत, आडपडदा नाही. तिसऱ्या रांगेतलं एक कुटुंब उठून गेलं. आई पहिल्या रांगेतून "आमेन" म्हणाली – इतक्या मोठ्याने की पेटीवाल्याला वाटलं, संपलं, आणि त्याने सूर धरला.

नंतर पंचांची बैठक. दादा पंचांत आहे. माझा सख्खा थोरला भाऊ, आणि बैठकीत मला "आपण" म्हणतो! "आपण ही याचिका मागे घ्यावी, किंवा काही काळ पाळकपदावरून दूर राहावं. मंडळीची बदनामी होतेय."

मी विचारलं, "मूल मेल्याची बदनामी नाही झाली?"

"विषय तो नाही."

"विषय तोच आहे, दादा. मला काढायचं तर लेखी काढा. आणि कारण लिहा – बाळंतिणीच्या पायातली साखळी काढा म्हणाली. सह्या करा खाली."

कुणी पेन काढलं नाही. दादा खिडकीकडे बघत होता.

२१ मार्च

न्यायाधीश भले आहेत, त्यामुळेच जड गेलं. म्हणाले, "बाई, नोंदवही आली. पान खरंच नाही. पण फाटलं कधी, कुणी, का – हे सांगणारा साक्षीदार हवा. तुम्हाला तो ठाऊक आहे. नाव सांगा, प्रकरण आजच वळेल."

मी म्हटलं, "ते मला पाळक म्हणून कळलंय."

"इथे तुम्ही वकील म्हणून उभ्या आहात."

"कोट काढला तरी कान तेच राहतात, महाराज."

कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. सोमवारपर्यंत मुदत. नाही सांगितलं तर कोर्टाचा अवमान.

२२ मार्च

दुपारी ते माणूस घरी आलं. मागच्या दाराने. उभ्यानेच बोललं.

"नाव सांगणार?"

"नाही."

"आत टाकतील तुम्हाला."

"टाकू दे."

"मग बाहेर याल. तुमचा फोटो छापून येईल. मी आत गेले तर नोकरी जाईल, घर जाईल, आणि आतल्या बायका मला जिवंत ठेवणार नाहीत. तुमचं काय जातं?"

खरं होतं. जिभेवर आलं होतं – तुझं तूच सांग ना, एकदाचं! गिळलं. कोर्टात एकदा मी त्याला ढकललंय. पुन्हा नाही. फक्त म्हणाले, "नोंदवहीचं मी बोलले ते चुकलं. माफ कर."

पाणीसुद्धा न पिता गेली.

गेली! वरतीही 'गेले' लिहून बसलेय. बाईमाणूस आहे हे आता वहीला कळलं. एवढ्यावर थांबते.

२३ मार्च

सामान बांधलं. दोन साड्या, टॉवेल, पवित्र शास्त्र, चष्म्याची जादा जोडी. आई म्हणाली, "स्वेटर घे. तुरुंगात माझ्यासारखं कोण बसलंय आठवण करायला?" मग स्वतःच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

२५ मार्च, सोमवार

"नाव?"

"नाही सांगणार."

"कारण?"

"एक बाई बोलू शकली नाही म्हणून मी इथे आले. दुसऱ्या कुणाचं तोंड जबरदस्तीने उघडून तिला न्याय मिळवायचा नाही मला."

सात दिवस. आजपासून.

दादा कोर्टात आला होता. मला माहीतच नव्हतं. सामानाची पिशवी पोलीस उचलायला लागला, तर याने हातातून घेतली आणि गाडीपर्यंत आणली. "पंचांनी ठराव मांडला होता," म्हणाला. मी म्हटलं, काढलं ना? "काढायचं होतं. मी सही नाही केली." पिशवी गाडीत ठेवली. "आईकडे मी झोपायला जातो. तू लढ, बये." पन्नाशी ओलांडल्यावर सख्ख्या भावाने बये म्हटलं आणि मी पोलिसाच्या गाडीत रडले. लढायला निघालेली बाई!

फाटकात झडती. जी पहारेकरीण दर रविवारी मला दार उघडते, तिनेच घेतली. मान वर न करता.

२६ मार्च

वही ठेवू दिली, पानं मोजून. एकूण सत्तेचाळीस बायका, एक बरॅक. बावीस वर्षं येतेय, पण इथे छत इतकं खाली आहे हे आडवं झाल्यावर कळलं. एक म्हातारी कैदीण म्हणाली, "आजवर पाळकबाई वरून बोलायची. आता बरोबरीत आली." सगळ्या हसल्या. मीही.

बरॅकीत वाईट गोष्टींची यादी करतेय. संडासाला दार नाही. एक नळ. आजारी बाईला डॉक्टर आठवड्याने. अधीक्षकसाहेब, मला आत टाकून फार मोठी चूक केलीत तुम्ही!

२७ मार्च

शिवणवाली शेजारी येऊन बसली. आठ महिन्यांत माझ्याशी बोलली नाही इतकं आज बोलली.

"चावी कुणाकडे होती, तुम्हाला माहीत आहे ना?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," म्हटलं.

"मला सांगा. कोर्टाला नका सांगू. मला."

"नाही सांगता येत."

"माझं पोर होतं ते!"

"हो."

"तरी नाही?"

"तरी नाही."

ती उठली आणि अंथरूण पार भिंतीपर्यंत ओढून नेलं. न्यायाधीशांसमोर ताठ उभी होते मी. इथे मान वर करवेना. पण उद्या पुन्हा विचारलं तरी उत्तर हेच. ज्या दिवशी हे बदलेल त्या दिवशी माझ्या कानाशी कुणी येणार नाही. आणि येऊही नये.

२८ मार्च

शिवणवाली बोलत नाही. तिच्यामुळे कुणीच बोलत नाही. आज उपासना घेतली. चौघी आल्या. घेतली!

२९ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी फाटक वाजलं. नवी कैदीण. साध्या साडीत होती, म्हणून आधी ओळखली नाही. पहारेकरीण! आमची दार उघडणारी, झडती घेणारी. सकाळी स्वतःहून कोर्टात गेली होती. चावी आपल्या कमरेला राहून घरी गेली, पान अधीक्षकांच्या हुकमाने आपणच फाडलं – सगळं सांगितलं. अधीक्षक निलंबित. तिला अटक.

बायका उठल्या. कुणी जागा देईना. एक जण चप्पल काढून पुढे झाली. मी मधे जायच्या आत शिवणवाली गेली. विचारलं, "तू?"

"मीच."

मारेल असं वाटलं. मारलं नाही. मग म्हणाली, "मी त्याचं नाव ठेवलं होतं." आणि पुढे वाकून तिच्या कानात सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

पहारेकरीण तिच्या पायाशी बसली. मला ते नाव ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.