सातव्या उदाहरणाची चूक

तेनाली, ४ जून १९८६

चि. हैमास अक्काचे उदंड आशीर्वाद, वि. वि.

तुझं आवकाय लोणचं पोचलं. बरणी शाबूत आहे. मी मात्र नाही.

काल आमच्या कॉलेजातले गणिताचे विभागप्रमुख सोमयाजुलू घरी आले. कोपऱ्यांना हळद लावलेलं नवंकोरं छापील पुस्तक हातात देऊन म्हणाले, अम्मा, आशीर्वाद द्या. उघडते तर काय, माझीच वही! दोन फलनांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बावीस वर्षं शिकवताना एकेक करून जमवलेली उदाहरणं. तपासून देतो म्हणून नेली होती. आता नाव त्यांचं. अर्पणपत्रिकेत त्यांचे वडील आहेत, गुरू आहेत, कुलदैवत आहे. मी कुठेच नाही.

वर विचारतात, स्वाध्यायांची उत्तरं तेवढी करून द्याल का, दुसऱ्या आवृत्तीत घालू. मी हो म्हटलं आणि कॉफीही दिली. हैमा, या माणसाला मी सोडणार नाही.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी सुवर्चला अक्का


राजमहेंद्री, १२ जून १९८६

ती. अक्कास हैमाचा शि. सा. न. वि. वि.

तू हो म्हटलंस, तिथेच मी ओळखलं. तू भांडतेस तेव्हा कुणी घाबरत नाही, पण तू कॉफी देतेस तेव्हा घाबरावं. तुझे बावगारू, म्हणजे आमचे हे, म्हणतात, प्राचार्यांकडे सरळ तक्रार करा. मलाही तेच वाटतं. वाकड्यात शिरू नकोस, बाई.

आमची शर्वाणी यंदा इंटरला, म्हणजे अकरावीला गेली. गणिताला घाबरते. मावशीवर गेली नाही, आईवर गेली!

राग आवर, जेवत जा, आणि आमच्यावर माया असू दे.
तुझी हैमवती


तेनाली, २० जुलै १९८६

चि. हैमास आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या यजमानांचं ऐकलं. प्राचार्यांनी पुरावा मागितला. वही सोमयाजुलूंकडे, आणि ती म्हणे हरवली! चोराच्या उलट्या बोंबा अशा की आता ते सगळ्यांना सांगतात, सुवर्चलाम्मांना हल्ली विसर पडतो.

मग मी उत्तरं करून दिली. एकशे चाळीस चोख, आणि एक माझ्या मनासारखं. सातवं. क्ष वर्ग वजा नऊ भागिले क्ष वजा तीन. काटाकाट केली की क्ष अधिक तीन उरतं, म्हणून मी लिहिलं, हे प्रत्येक संख्येला चालतं. वर्गात याच चुकीसाठी मी घसा फोडते: आधी खाली शून्य कधी येतं ते बघा, मग काटा. तीन घातले की खाली शून्य, तिथे भागाकारच नाही. सोमयाजुलू आधी काटतात आणि मग बघतच नाहीत. जसंच्या तसं छापतील. मग शिक्षकांच्या भर सभेत त्यांची अब्रू जाईल, आणि मी पहिल्या रांगेत बसेन.

तू मात्र तोंड उघडू नकोस.
अक्का


राजमहेंद्री, ९ नोव्हेंबर १९८६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझा बाण लागला, पण कुणाला ते ऐक. इथल्या कॉलेजनेही मुलांना त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती घ्यायला लावली. शर्वाणीने सातवं पाठ केलं, चाचणीत तेच आलं आणि चार गुण गेले. मुलगी रडून म्हणाली, छापलेलं कसं चुकेल? तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

अक्का, त्या माणसाने तुझं चोरलं. पण या पोरींनी तुझं काय घेतलं होतं? आज माझा लोभ मागू नकोस. पुढच्या पत्रात बघू.
हैमवती


तेनाली, ३ डिसेंबर १९८६

चि. हैमा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं.

गुंटूरच्या शिक्षकांच्या सभेत एका बाईंनी सोमयाजुलूंना फळ्यावर सातव्यात तीन घालायला लावलं. ते उत्तरात घालून सहा म्हणाले. बाई म्हणाल्या, मूळ उदाहरणात घाला. सभागृह हसलं. मी पहिल्या रांगेत होते, हसले नाही. डोळ्यांपुढे शर्वाणी होती.

आठवड्यात त्यांनी चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवली: सातव्या उदाहरणातील चूक श्रीमती सुवर्चला यांची; पुस्तकातील सर्व उत्तरे त्यांनीच काढली आहेत. खाली त्यांची सही. प्राचार्यांनी बैठकीत माझ्यापुढे ती टाकली. मुद्दाम केलं हे सांगायचं धैर्य मला झालं नाही, हे तुझ्याशी तरी कबूल करते. म्हटलं, हो, चूक माझी, मुलांची मी वर्गावर्गात जाऊन माफी मागेन. आणि मग विचारलं, स्वतःच्या पुस्तकातली एकशे एक्केचाळीस उत्तरं या लेखकाला दुसऱ्याकडून का करून घ्यावी लागली?

प्राचार्यांनी त्यांना खडू दिला आणि कुठलंही एक सोडवायला सांगितलं. सोमयाजुलूंनी खडू परत टेबलावर ठेवला. मग म्हणाले, वही घरी आहे, उद्या आणतो. तीच, हरवलेली!

शर्वाणीला मी रविवारी येऊन स्वतः सांगणार आहे, सगळं, मुद्दाम केलं हेसुद्धा. ती बोलली नाही तर मी समजून घेईन.

काल सोमयाजुलू हात जोडून आले. म्हणाले, त्या चिठ्ठ्या फाडून टाकतो, पुढच्या आवृत्तीवर तुमचं नाव घालतो. मी म्हटलं, नाव घाला, पण चिठ्ठी एकही फाडायची नाही. तुमच्या हातून छापलेलं तेवढं एकच वाक्य खरं आहे.

लोभ मागत नाही. दार उघडलंस तरी पुरे.
सुवर्चला