दाजींना जड गोळीचा साचा कशाला हवाय?

सीडर फोर्क, मोंटाना
२६ जुलै १९८७

चि. वेंडेल यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसता ‘काय? काय?’ करतोस. चाळीस वर्षं बंदुका उडवून कानांचं वाटोळं करून घेतलंस. शिवाय आमचा फोन दाजींच्या खुर्चीच्या डोक्यावरच, म्हणून हे पत्र.

तुझ्या दाजींच्या मनात काहीतरी आहे. आठ दिवस झाले, सकाळी अंडी गार होतात आणि हे बंदुकीच्या गोळ्या ओतायच्या साच्यांचं कॅटलॉग वाचत बसतात. घरात एक साचा आहे की रे! इतकी वर्षं त्यातल्याच गोळ्यांनी डबे पाडले. आता म्हणे शिसं वितळवून रिव्हॉल्वरसाठी जड गोळी ओतायची. कशाला, विचारलं तर म्हणाले, असंच. या माणसाने एकोणचाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट ‘असंच’ म्हणून केलेली नाही.

जूनमध्ये शेजारच्या गुंडरसनने पाटाची फळी सरकवून पाणी आपल्याकडे वळवलं आणि आमचं गवत वाळलं. दाजी एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर मी निवांत झोपले असते. आता रिव्हॉल्वर खणात नसतं आणि भर जुलैत हे अंगात कोट घालून हिंडतात!

साचा कुठला घ्यावा ते तुलाच विचारतील. नाही म्हणू नकोस, संशय येईल. फक्त वेळ काढ. घोळ घाल. घोळ घालणं तुला शिकवायला नको.

कळावे. लोभ नेहमीचाच, तुझ्या मेरीबेथला आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्याला माझी आठवण सांग.
आर्डिसताई

सॅमन, आयडाहो
३ ऑगस्ट

ति. एमेटदाजी यांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आनंद झाला, पण साचा निवडणं म्हणजे काकडी निवडणं नव्हे. आधी रिव्हॉल्वरच्या नळीत मऊ शिसं ठोकून घ्या आणि त्याचं माप कळवा. मग ठरवा, ॲल्युमिनियमचा हवा की लोखंडी? ॲल्युमिनियमचा लवकर तापतो, हाताला हलका, पण नाजूक. लोखंडी गंजतो, पण नातवंडं वापरतील. एका खळग्याचा, म्हणजे एका वेळी एकच गोळी देणारा घ्याल तर गोळी सारखी निघते आणि दुपार जाते. गोळीचं नाक गोल की चपटं, तो तर वेगळाच विषय. पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो. घाई करू नका.

शिशाचं काय? टायरवाल्याकडची, चाकाला लावायची शिशाची वजनं आणली असतील तर त्यांत जस्ताचं एखादं नाही ना, बघा. एक जस्ताचं सगळी कढई नासवतं.

आपला आज्ञाधारक, म्हणजे सोयीपुरता,
वेंडेल

सॅमन, त्याच दिवशी

ति. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

घातला घोळ. पण ताई, एक खटकतंय. दाजी तीनशे ग्रेन वजनाची गोळी मागतात. माणसाला एवढं शिसं लागत नाही गं. त्यांच्या जुन्या साच्यातली गोळीही गुंडरसनला पुरून उरेल. मग एवढी जड कशासाठी? गुंडरसनचा तो लाल बैल अजून आहे का? त्याच्यावर तर डोळा नाही ना?

तयार गोळ्या दुकानातून आणतील अशी भीती नको. पन्नास सालापासून त्यांनी विकतची गोळी घेतलेली नाही. तुझ्या टेबलावर विकतचा पाव ठेवायला जेवढं धाडस लागेल, तेवढं त्यांना ते दुकान चढायला लागेल.

जपून राहा. तुझा लाडका, बहिरा,
वेंडेल

सीडर फोर्क
१७ ऑगस्ट

चि. वेंडेल यास आशीर्वाद.

बैल धडधाकट आहे, आणि गुंडरसनही. पण पाणी कुठेतरी मुरतंय हे नक्की. मी डोंगरउतारावर त्या जांभळ्या हकलबेऱ्या तोडायला गेले की हे घरातून गायब! परत येते तर कॉफीचं भांडं थंडगार. मग माझ्यानंतर पंधरा मिनिटांनी उगवतात, केसांत काड्या, गुडघे मळलेले. कुठे होतात विचारलं तर कुंपण बघत होतो. कुठलं कुंपण, वेंडेल? गुंडरसनच्या बाजूचंच ना!

मी बाहेर गेल्याचा मुहूर्त साधून त्याच्यावर पाळत ठेवतात, दुसरं काय? मी बेऱ्या तोडणं बंदच करणार होते, पण आईची जागा आहे ती. आईने मरणाआधी फक्त मला दाखवली. तुलाही नाही आणि दाजींनाही नाही. या हंगामात गेले नाही तर आईला काय सांगू?

तू आणखी महिनाभर नाकं आणि खळगे चालू ठेव. बर्फ पडला की दोघांचीही डोकी थंड होतील.

काळजीत असलेली,
ताई

सीडर फोर्क
२८ ऑगस्ट

वेंडेल,

आशीर्वाद वगैरे धरून चाल. माप पाठवलं, शिसं चाळलं, जस्ताची सात वजनं काढून फेकली. तुझी चार पत्रं आली आणि साच्याचं नाव एकातही नाही. आता खरं सांगतो, पण ताईला कळलं तर तुझा उरलेला कानही मी बंद करीन.

तिच्या बेऱ्यांच्या उतारावर अस्वल आलंय. ग्रिझली, साधं काळं नव्हे. पंजा माझ्या टोपीएवढा. जुलैत माग दिसले. वर एकटी बसते ती, तोंडाने गुणगुणत, पाठ झाडीकडे.

सांगू कसं? सांगायचं तर तिची जागा मला ठाऊक आहे, हेही सांगावं लागेल. आमच्याकडे कोणी दुसऱ्याची बेऱ्यांची जागा बघायला माग काढत गेला तर त्याला भाऊही दारात घेत नाही, तुला माहीत आहे. आणि ती पुन्हा तिथे जाणार नाही. आईची आठवण जाईल ती जाईलच, वर माझ्यावरचा विश्वासही जाईल.

म्हणून मागोमाग जातो आणि खाली झुडपांत बसतो. रायफल घेतली तर दारातच विचारेल. रिव्हॉल्वर कोटात मावतं, पण माझ्या जुन्या साच्यातली मऊ गोळी अस्वलाच्या कवटीच्या हाडावर चपटी होईल. म्हणून जड हवी, कडक शिशाची. कुठला साचा, एका ओळीत कळव.

एमेट

सीडर फोर्क
६ सप्टेंबर

चि. वेंडेल यास,

आशीर्वाद देते, आणि तुझ्याबरोबर स्वतःचेही कान उपटते.

गुरुवारी बादली अर्धी भरली होती. मागे फांद्या मोडल्या. वळले तर वीस पावलांवर ग्रिझली अस्वल उभं. इतक्यात खालच्या झुडपांतून तुझे दाजी बोंबलत वर आले, कोट फडफडत, आणि माझ्या नि त्याच्या मध्ये उभे राहिले. पाच गोळ्या झाडल्या. त्याला अंगावर माशी बसावी तेवढंच झालं असावं. त्याने यांचा उजवा हात जबड्यात धरला आणि झटकला. मी बादली त्याच्या तोंडावर फेकली, देवाला ठाऊक कशी. मग ते गेलं. का गेलं, मला माहीत नाही.

बार ऐकून धावत वर कोण आलं? गुंडरसन! त्याने यांना पाठीवर घेऊन उतरवलं आणि साठ मैल गाडी हाकली. दवाखान्यात माझ्या शेजारी रात्रभर बसला. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

हात वाचला. दोन बोटं हलत नाहीत. अंगठा हलतो.

काल तुझं पत्र आलं. यांच्या नावाचं होतं, पण मी फोडलं. लोखंडी, दोन खळग्यांचा, तीनशे ग्रेन, चपट्या नाकाचा. सहा आठवडे हा माणूस तेवढंच विचारत होता, आणि तू ते एका ओळीत लिहिलंस! तुझी चूक नाही. घोळ घाल म्हणून मीच सांगितलं. मी संशय घेत बसले आणि हे रोज ती हलकी गोळी घेऊन माझ्या मागे बसत होते. हे मला जन्मभर पुरेल.

साचा मी आजच मागवला. गोळ्या मी ओतणार, तुझे दाजी खुर्चीत बसून चुका काढतील. पुढच्या जुलैत आम्ही दोघं वर जाऊ, आणि ते खाली झुडपांत नाही, माझ्या शेजारी बसतील.

शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? दुखतंय असं नाही. म्हणाले, आर्डिस, धावताना तुझ्या आईची दोन झुडपं पायाखाली आली, रागावू नकोस.

लोभ आहेच. शिसं वितळवताना काय काय सांभाळायचं ते सगळं लिही, आणि या वेळी लवकर.

तुझी,
ताई